सातासमुद्रापलीकडे रुजलेली नृत्यविद्या

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेले भाषण)



भारतीय शास्त्रीय नृत्याने परदेशात मिळविलेल्या कीर्तीचा उल्लेख आपल्याकडे नेहमीच अभिमानाने केला जातो. कोणत्या कलावंताने किती देशांचा दौरा केला, कोठल्या रंगमंदिरात टाळ्यांचा कडकडाट झाला, याची वर्णने वृत्तपत्रांतून वाचावयास मिळतात. परंतु नृत्याचा प्रयोग करणे ही एक गोष्ट आणि त्या नृत्याची विद्या परक्या देशातील विद्यार्थ्याच्या अंगी बाणविणे ही अगदी निराळी गोष्ट होय. प्रयोग दोन-अडीच तासांत संपतो. विद्या द्यावयाची तर वर्षे खर्ची पडतात आणि देणाऱ्याबरोबर गाणारा, वाजविणारा व ताल धरणारा असा सगळा परिवार लागतो.

हे दुसरे, अधिक अवघड कार्य ज्यांनी केले त्यांत तंजावूर बालसरस्वती यांचे नाव अग्रभागी येते. १३ मे १९१८ रोजी मद्रास येथे जन्मलेल्या आणि ९ फेब्रुवारी १९८४ रोजी त्याच शहरी निधन पावलेल्या या नर्तकीने जपान, युरोप आणि अमेरिका येथे भरतनाट्याचे दर्शन घडविले. एवढेच नव्हे, तर अमेरिकेतील विद्यापीठात ते शिकविले. त्यांच्या कार्याकडे केवळ कौतुकाने न पाहता, हे कार्य कशामुळे शक्य झाले याचा विचार करणे शिक्षकांना आणि लोकप्रतिनिधींना अधिक उपयुक्त ठरेल.

तंजावरचा वारसा

बालसरस्वती यांच्या घराण्याचा उगम तंजावरच्या राजदरबारात आहे, ही गोष्ट मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी सतराव्या शतकात तंजावर येथे मराठी राज्य स्थापन केले. त्या राज्यात तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या चारही भाषांना आश्रय मिळाला. अठराव्या शतकात या दरबारात गायन आणि नृत्य करणाऱ्या पापम्माळ ही या घराण्याची ज्ञात पूर्वज होय. त्याच वंशातील कामाक्षी याही तंजावरच्या दरबारी नर्तकी होत्या. १८५५ साली दुसऱ्या शिवाजी राजांच्या निधनानंतर कंपनी सरकारने हे राज्य खालसा केले. दरबार मोडला, आश्रय संपला आणि अनेक कलावंत कुटुंबे मद्रासच्या वाटेला लागली. या घराण्यातील वीणा धनम्माळ यांनी पुढे मद्रासमध्ये वीणावादनात असामान्य लौकिक मिळविला. बालसरस्वती या त्यांच्या नात होत.

आज भरतनाट्याची मैफल ज्या क्रमाने सादर होते, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम् आणि तिल्लाना, तो क्रम एकोणिसाव्या शतकात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू या चार बंधूंनी बसविला. या बंधूंना सरफोजी राजे दुसरे यांच्या दरबाराचा आश्रय होता. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजांनी नृत्यासाठी मराठी भाषेत ‘निरूपणे’ रचविली. त्यांत एकच कथासूत्र धरून नृत्याचे सर्व प्रकार गुंफलेले असतात. या मराठी रचना पुढे विस्मृतीत गेल्या. मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनी त्यांचा अभ्यास करून त्या पुन्हा रंगमंचावर आणल्या आणि पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ही परंपरा पुढे चालविली. त्याच चार बंधूंच्या वंशातील कंदप्पा पिळ्ळै हे बालसरस्वती यांचे गुरू होते. तात्पर्य, अमेरिकेत जी विद्या पोहोचली तिचा एक धागा मराठी राजांच्या दरबारातून निघालेला आहे.

घरची वाट अरुंद झाली तेव्हा

बालसरस्वती यांचे पहिले जाहीर नृत्य १९२५ साली कांचीपुरम येथील देवीच्या मंदिरात झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे सात वर्षांचे होते. कंदप्पा पिळ्ळै यांची शिस्त अत्यंत कडक होती. पायाच्या एकेका टाक्यासाठी, एकेका लयीसाठी तासन्‌तास मेहनत घ्यावी लागे. घरी आजीची वीणा आणि आई जयम्माळ यांचे गायन सतत कानांवर पडत असे. अभिनयाचे पाठ त्यांना मैलापूर गौरी अम्माळ यांच्याकडूनही मिळाले. १९३४ साली कलकत्त्यात त्यांचे नृत्य झाले आणि दक्षिणेबाहेरच्या रसिकांना या कलेची ओळख झाली.

परंतु हाच काळ या कलेच्या दृष्टीने मोठ्या कसोटीचा होता. मंदिरांत मुली अर्पण करण्याच्या प्रथेतून होणाऱ्या शोषणाविरुद्ध समाजसुधारकांनी मोहीम उघडली होती. मुंबई इलाख्यात १९३४ साली आणि मद्रास प्रांतात १९४७ साली या प्रथेविरुद्ध कायदे झाले. महाराष्ट्राने पुढे २००५ चा अधिक व्यापक कायदा केला. हे कायदे न्याय्य व आवश्यक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि प्रथेवर आघात करताना तिच्याशी निगडित असलेल्या विद्येचे आणि ती विद्या जपणाऱ्या स्त्रियांचे काय करावयाचे, याचा विचार मागे पडला. ज्या स्त्रियांकडे पिढ्यान्‌पिढ्यांची पदे, राग आणि अभिनय यांचा साठा होता, त्यांनाच रंगमंच परका वाटू लागला. त्याच सुमारास रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली स्थापन केलेल्या कलाक्षेत्रातून सुशिक्षित कुटुंबांतील मुली हे नृत्य शिकू लागल्या. त्यामुळे नृत्याला प्रतिष्ठा लाभली, हे खरे. पण परंपरागत घराण्यांच्या वाट्याला ती प्रतिष्ठा क्वचितच आली.

बालसरस्वती यांच्यावरही या परिस्थितीचा परिणाम झाला. कंदप्पा पिळ्ळै अल्मोडा येथे उदयशंकर यांच्या केंद्रात शिकविण्यास गेले आणि १९४० च्या दशकाच्या आरंभी त्यांचे निधन झाले. प्रयोग विरळ झाले. प्रकृतीही साथ देईना. अशा स्थितीत १९५३ साली मद्रासच्या म्युझिक अकादमीच्या आश्रयाने त्यांची नृत्यशाळा सुरू झाली आणि त्या अध्यापनाकडे वळल्या.

परदेशाने डोक्यावर घेतल्यानंतरच स्वदेशाने त्यांना ओळखले, असे म्हणण्याचा मोह एखाद्यास होईल. पण ते वस्तुस्थितीला धरून होणार नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना १९५५ साली आणि पद्मभूषण १९५७ साली, म्हणजे परदेश दौऱ्यांपूर्वीच मिळाले होते. उणीव सन्मानाची नव्हती. उणीव होती ती ही विद्या पूर्णत्वाने घेण्यास तयार असलेल्या विद्यार्थ्यांची आणि त्या विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या स्थिर व्यवस्थेची.

तोक्योपासून मिडलटाउनपर्यंत

बालसरस्वती यांच्यापूर्वीही भारतीय नर्तक परदेशी गेले होते. उदयशंकर यांनी १९२३ साली लंडनमध्ये ॲना पावलोव्हा या रशियन नर्तकीबरोबर काम केले आणि पुढे स्वतःच्या पथकासह युरोप-अमेरिका गाजविली. राम गोपाल यांनी लंडनमध्ये नाव मिळविले. या कलावंतांची थोरवी निर्विवाद आहे. मात्र परक्या प्रेक्षकांसाठी छोटे छोटे कार्यक्रम, डोळे दिपविणारी वेशभूषा आणि समूहरचना यांची योजना करणे त्यांना आवश्यक वाटले. बालसरस्वती यांनी तसे काही केले नाही. मद्रासच्या रसिकांसमोर जे नृत्य त्या करीत, तेच त्यांनी परदेशात केले. पदाची एकच ओळ घेऊन तिचा विस्तार करण्यास वेळ लागत असेल, तर तेवढा वेळ त्या घेत.

१९६१ साली तोक्यो येथे पूर्व-पश्चिम संगीत संमेलन भरले होते. तेथे त्यांचे नृत्य झाले आणि जगभरच्या संगीतज्ञांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. १९६२ साली त्या अमेरिकेस गेल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील जेकब्ज पिलो या प्रसिद्ध नृत्यमहोत्सवात त्यांचे प्रयोग झाले. १९६३ साली एडिंबरोच्या महोत्सवात त्यांनी नृत्य केले. या सर्व प्रवासात त्यांचे धाकटे बंधू हाच त्यांचा मोठा आधार होता. टी. रंगनाथन मृदंग वाजवीत, तर टी. विश्वनाथन बासरी वाजवीत आणि गातही असत. कंदप्पा पिळ्ळै यांचे पुत्र के. गणेशन नट्टुवांगम् करीत, म्हणजे झांजांनी ताल धरून नृत्याचे बोल म्हणत. म्हणजे रंगमंचावर एक नर्तकी दिसत असली, तरी प्रत्यक्षात एक संपूर्ण परंपराच परदेशी गेली होती.

येथे एका योगायोगाचा आणि एका विचाराचा उल्लेख करावयास हवा. त्या काळी कॅलिफोर्निया विद्यापीठात मँटल हूड या संगीतशास्त्रज्ञाने असे मत मांडले होते की, दुसऱ्या देशाच्या संगीताचा अभ्यास केवळ पुस्तके वाचून होत नाही. अभ्यासकाने ते संगीत स्वतः गाता-वाजविता आले पाहिजे. त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट ब्राउन मद्रासला आले आणि रंगनाथन यांच्याकडे मृदंग शिकले. पुढे ब्राउन कनेटिकट राज्यातील मिडलटाउन या लहानशा शहरी वेस्लियन विद्यापीठात अध्यापक झाले. जे आपण गुरूसमोर बसून शिकलो ते आपल्या विद्यार्थ्यांनीही गुरूसमोर बसूनच शिकावे, या भूमिकेतून त्यांनी कलावंतांनाच विद्यापीठात अध्यापनासाठी बोलाविले. १९६२ साली बालसरस्वती यांचे तेथे वास्तव्य झाले आणि १९६३ पासून रंगनाथन तेथे शिकवू लागले.

यातील महत्त्वाची बाब अशी की, बालसरस्वती स्वतः परदेशात स्थायिक झाल्या नाहीत. त्या काही महिने शिकवीत आणि मद्रासला परत येत. कॅलिफोर्नियात अमेरिकन सोसायटी फॉर ईस्टर्न आर्ट्स या संस्थेच्या वर्गांतही त्यांनी शिकविले. मग त्या नसताना त्यांची विद्या तेथे कशी टिकली? ती टिकली, कारण त्यांच्या दोन्ही बंधूंना तेथे अध्यापनाची नियमित पदे मिळाली. नर्तकी आज आली आणि उद्या गेली, तरी तिच्या नृत्याचे संगीत वर्षभर त्याच आवारात शिकविले जात होते. रंगनाथन यांचे १९८७ साली निधन झाले. विश्वनाथन यांनी वेस्लियनमध्येच पीएच. डी. पदवी मिळविली आणि २००२ साली निधन होईपर्यंत ते अध्यापन करीत राहिले. १९९२ साली अमेरिकेच्या केंद्रीय कला निधीने त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला. पाहुणे कलावंत बोलावून एक कार्यक्रम करणे आणि कलेसाठी पद निर्माण करणे यांत किती अंतर आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

शिकविण्याची रीत

परदेशी विद्यार्थ्याला ही विद्या शिकविताना सर्वांत मोठी अडचण शरीराची नसते. कोवळ्या वयाचा, मेहनती विद्यार्थी अर्धे बसणे, पायांचे आघात आणि हातांच्या मुद्रा सरावाने आत्मसात करतो. लाकडी फळीवर काठीचा ठेका धरून गुरू बोल म्हणतो आणि विद्यार्थी तेच अडवू, म्हणजे नृत्याचे मूळ घटक, पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या लयीत करतो. ही कवायत भाषेवाचून होऊ शकते. खरी अडचण पुढे, अभिनयात येते. पद तेलुगू किंवा तमिळ भाषेत असते. त्यातील नायिका, सखी, रुसवा, विरह हे सगळे एका विशिष्ट समाजजीवनातून आलेले असते. शब्दांचा अर्थ सांगून ते समजत नाही.

ही गोष्ट मराठी श्रोत्यांना समजावून सांगण्यास बैठकीच्या लावणीइतके चांगले उदाहरण नाही. बैठकीची लावणी गाणारी कलावंत एकच ओळ पुनःपुन्हा आळविते आणि दर वेळी डोळ्यांतून, मानेच्या हालचालीतून, बोटांच्या खुणेतून निराळा भाव उभा करते. ओळ तीच, पण एकदा तक्रार, एकदा लाडिकपणा, तर एकदा उपरोध. २०१२ साली पद्मश्रीने गौरविल्या गेलेल्या यमुनाबाई वाईकर यांची अदाकारी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. भरतनाट्यातील पदाचा अभिनयही याच जातीचा आहे. त्यात हालचाली आधी पाठ करून ठेवलेल्या नसतात. गायक ओळ फिरवितो तसा नर्तकीच्या मनात भाव उमटतो.

म्हणून बालसरस्वती यांच्या परंपरेत गाणे आणि नृत्य ही दोन निराळी शास्त्रे नाहीत. त्या स्वतः अभिनय करताना गात असत. जो गाऊ शकत नाही त्याला पदाचा अभिनय पूर्णपणे साधणार नाही, या तत्त्वावर त्यांचे अध्यापन उभे होते. वेस्लियनमध्ये याच कारणाने नृत्य शिकणाऱ्यास कर्नाटक गायन शिकण्याची आणि मृदंगाचा ताल समजून घेण्याची सोय होती. हे सोपे काम नव्हे. विद्यापीठाचे सत्र काही महिन्यांत संपते आणि ही विद्या एका सत्रात पदरी पडत नाही. अनेकांनी थोडेफार शिकून ती सोडून दिली, तर थोड्यांनी आयुष्याची वर्षे तिला वाहिली. त्या थोड्यांमुळेच परंपरा पुढे गेली.

या नृत्याची मांडणी विद्यार्थ्याला समजावी म्हणून त्यांनी योजलेली उपमाही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९७५ साली मद्रास येथील तमिळ इसै संगमच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी नृत्याच्या मैफलीची तुलना मंदिराच्या रचनेशी केली. अलारिप्पू हे गोपुर. तेथून एकेक मंडप ओलांडीत वर्णमच्या विस्तीर्ण अवकाशातून जावयाचे आणि पदांच्या वेळी गाभाऱ्याच्या शांततेत पोहोचावयाचे, असा तिचा आशय होता. क्रम बदलला किंवा मधला भाग गाळला, तर दर्शन घडत नाही. परक्या प्रेक्षकांसाठीही त्यांनी हा क्रम मोडला नाही, यामागे ही दृष्टी होती.

शृंगाररसाविषयीही त्यांची भूमिका ठाम होती. नृत्याला प्रतिष्ठा मिळावी म्हणून त्यातील शृंगार कमी करावा, असे त्या काळी अनेकांना वाटत होते. बालसरस्वती यांना ते मान्य नव्हते. शृंगार हाच भक्तीचा सर्वांत उत्कट मार्ग आहे आणि तो अश्लील ठरतो तो विषयामुळे नव्हे, तर सादर करणाऱ्याच्या उणेपणामुळे, अशी त्यांची धारणा होती. स्वदेशात वादग्रस्त ठरलेली ही भूमिका त्यांनी परदेशातही तेवढ्याच निष्ठेने जपली.

कार्याचे फलित

या कार्यातून काय साधले? १९७३ साली म्युझिक अकादमीने त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. वास्तविक हा सन्मान संगीतकारांचा. तो एका नर्तकीला मिळाला, ही तिच्या नृत्यातील संगीताची पावतीच होती. १९७७ साली त्यांना पद्मविभूषण प्राप्त झाले. सत्यजित राय यांनी १९७६ साली त्यांच्यावर ‘बाला’ हा माहितीपट तयार केला. राय यांनी किशोरवयात कलकत्त्यात त्यांचे नृत्य पाहिले होते. मात्र चित्रपट निघाला तेव्हा बालसरस्वती अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या आणि त्यांच्या तारुण्यातील नृत्याचे तेवढ्या तोलामोलाचे चित्रण झालेच नाही. ही हानी भरून येणारी नाही.

त्यांच्या कन्या लक्ष्मी यांनी हा वारसा स्वीकारला आणि अमेरिकेत नृत्य व अध्यापन केले. २००१ साली लक्ष्मी यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र अनिरुद्ध नाइट यांनी ही परंपरा पुढे चालविली. लक्ष्मी यांचे पती डग्लस नाइट यांनी बालसरस्वती यांचे विस्तृत चरित्र लिहिले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. २००० साली अमेरिकेतील नृत्यवारसा जपणाऱ्या संस्थांच्या संघाने त्या देशाच्या नृत्यजीवनातील शंभर अमोल ठेव्यांची यादी प्रसिद्ध केली, तीत बालसरस्वती यांचे नाव आहे. ज्या देशात त्या काही काळापुरत्या शिकवावयास गेल्या, त्या देशाने त्यांना आपला ठेवा मानले.

आपल्यापुरता बोध

या कथेचा आपल्या गावाशी काय संबंध, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. संबंध निकटचा आहे. शाहिरी, लावणी, दशावतार, भारूड, गोंधळ, सोंगी भजन अशा कलांचे जाणकार आपल्या जिल्ह्यांत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला समाजाची उपेक्षा आणि कधी कधी अवहेलनाही आली आहे. वाईट रूढी मोडल्याच पाहिजेत. परंतु रूढीबरोबर विद्याही मोडीत निघणार नाही, याची काळजी घेणे हे समाजाचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.

याबाबत तीन गोष्टी गावपातळीवर सहज करता येतील. पहिली गोष्ट नोंदीची. गावातील वयोवृद्ध कलावंताला कोणती पदे, कोणत्या चाली, कोणते कथाभाग येतात, याची यादी शाळेतील शिक्षकाने करावी आणि आवाजाचे व हालचालींचे चित्रण करून ठेवावे. आज हे काम हातातील भ्रमणध्वनीवरही होऊ शकते. कलावंत थकल्यानंतर ते करावयास घेतले, तर ‘बाला’ चित्रपटाच्या वेळी जी हळहळ वाटली तीच आपल्या वाट्याला येईल. दुसरी गोष्ट साथीची. शाळेच्या कार्यक्रमास केवळ गायकाला न बोलाविता त्याचा ढोलकीवाला, तुणतुणेवाला, झिलकरी यांनाही बोलावून प्रत्येकास मानधन द्यावे. कला एकट्याची नसते, ती ताफ्याची असते. तिसरी गोष्ट वेळेची. संमेलनापुरते एखादे नृत्य बसवून घेण्यापेक्षा आठवड्यातील एक ठरावीक तास वर्षभर त्या कलावंताला दिला, तर दोन-चार मुलांच्या अंगी काहीतरी टिकाऊ उतरेल. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांना मानधन देण्याची राज्य शासनाची योजना आहे. आपल्या गावातील पात्र कलावंत केवळ अर्जाअभावी तिच्यापासून वंचित राहू नये, एवढे तरी पंचायत सदस्यांनी पाहावे.

मिडलटाउन हे काही महानगर नव्हे. तेथील एका विद्यापीठाने एका परक्या विद्येला खोली दिली, तास दिला, पद दिले आणि ती देणाऱ्या माणसांना आदराने वागविले. तेवढ्याने तंजावरच्या दरबारातून निघालेली परंपरा अटलांटिकपलीकडे रुजली. आपल्या गावच्या विद्येला तर परकी भाषा आड येत नाही, की समुद्र ओलांडावा लागत नाही. ती शेजारच्या गल्लीतच आहे. तिला शाळेच्या दारातून आत घेणे तेवढे आपल्या हाती आहे.